सोलापूर स्थानकावरून जिल्हाभर: कुठे उतरायचे, कोणते तिकीट काढायचे, पुढे कसे जायचे

सोलापूर जिल्ह्यात किंवा शेजारच्या धाराशिव, कलबुर्गी, विजयपूर भागात रेल्वेने जायचे असेल, तर गाडी शोधण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: शेवटचे दहा-वीस किलोमीटर कशाने जाणार? या भागात गाव एकीकडे आणि त्याचे स्थानक दुसरीकडे, असे फार ठिकाणी आहे. पुण्याकडून येणारा लोहमार्ग १८६० साली सोलापूरला पोहोचला आणि १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. मुंबई आणि मद्रास जोडणे हा त्याचा हेतू होता. पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, करमाळा ही गावे त्या रेघेच्या बाजूला राहिली. काहींना नंतर फाटे मिळाले, काहींना अजून मिळालेले नाहीत. त्यामुळे गाडी वेळेवर पोहोचली तरी माणूस अडकतो, आणि तोही नेमका रात्री, सामान आणि लहान मुले सोबत असताना.

आधी रेघ डोक्यात बसवा

सोलापूर हे मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाचे मुख्य स्थानक. पुण्याच्या दिशेने निघालात तर बाळे, पाकणी, मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, जेऊर, भिगवण अशी स्थानके लागत दौंड येते. उलट दिशेला टिकेकरवाडी, होटगी, अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड आणि मग कलबुर्गी, वाडी. सोलापूरहून कुर्डुवाडी सुमारे ८० किलोमीटर, पुणे सुमारे २६४, मुंबई सुमारे ४५५, कलबुर्गी सुमारे ११३ आणि होटगी १५ किलोमीटरच्या आसपास आहे.

या रेघेवर दोन जंक्शने आहेत आणि स्थानिक प्रवासाचे सगळे गणित त्यांच्यावर चालते.

पहिले कुर्डुवाडी. इथून एक फाटा बार्शी, धाराशिव, लातूरकडे जातो आणि दुसरा मोडनिंब, पंढरपूर, सांगोला, जत रोडमार्गे मिरजेला. हीच जुनी बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी उभारलेली अडीच फुटी अरुंद मार्गाची ही रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव बार्शी रोड असे होते. आता पूर्ण मार्ग रुंद झाला आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याच्या थेट गाड्याही त्यावरून धावतात.

दुसरे होटगी. इथून विजयपूर, बागलकोट, गदगचा फाटा सुटतो. होटगीच्या पुढे हा मार्ग नैऋत्य रेल्वेच्या हुबळी विभागात येतो. होटगीबाबत एक सूचना आवर्जून द्यावीशी वाटते. सोलापूरचा विमानतळ होटगी रोडवर आहे, होटगी स्थानकाजवळ नाही. विमानतळावर जायचे असेल तर सोलापूर स्थानकावरच उतरून रिक्षा करा.

गावागणिक उतरण्याचे ठिकाण

अक्कलकोट. सर्वांत जास्त लोक इथे चुकतात. अक्कलकोट रोड हे स्थानक स्वामी समर्थांच्या मंदिरापासून साधारण ११ किलोमीटर दूर आहे. दिवसा रिक्षा, जीप मिळते आणि तुमची गाडी तिथे थांबत असेल तर उतरणे सोयीचे पडते. रात्री मात्र तिथे वाहनाचा भरवसा नाही. रात्री किंवा पहाटे अंधारात पोहोचणारी गाडी असेल तर तिकीट सोलापूरचे काढा, स्थानकावर थांबा आणि उजाडल्यावर एसटीने निघा. सोलापूर ते अक्कलकोट रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे तासाभराचा प्रवास. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसने येणाऱ्यांसाठी हाच मार्ग सर्वांत निवांत आहे. सकाळी सातच्या आसपास सोलापूर, नऊच्या सुमारास अक्कलकोट.

पंढरपूर. सोलापूरकडून जाणार असाल तर एसटी बरी. रस्ता ७०-७५ किलोमीटरचा आहे आणि बस वरचेवर सुटतात. रेल्वेने कुर्डुवाडीपर्यंत ८० आणि तिथून पंढरपूरपर्यंत आणखी ५० च्या वर, म्हणजे जवळपास दुप्पट अंतर पडते. कोल्हापूर-कलबुर्गी एक्सप्रेस आणि म्हैसूर-पंढरपूर गोलगुंबज एक्सप्रेस या गाड्या सोलापूर आणि पंढरपूरला थेट जोडतात. तुमची वेळ त्यांच्याशी जुळली तर जरूर घ्या, विशेषतः सोबत वयस्कर माणसे असतील तर. पण जुळत नसेल तर कुर्डुवाडीला दोन-तीन तास बसून फाट्याची गाडी धरण्यात अर्थ नाही. पुणे-मुंबईकडून येणाऱ्याने मात्र सोलापूरपर्यंत येऊच नये. कुर्डुवाडीला उतरून पुढची गाडी किंवा एसटी पकडावी, म्हणजे मोठा हेलपाटा वाचतो.

तुळजापूर. इथे अजून रेल्वे नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या सुमारे ८४ किलोमीटरच्या नव्या मार्गाचे काम सुरू आहे. तोपर्यंत सोलापूर स्थानकावर उतरून एसटीने ४५ किलोमीटर जाणे हाच सोपा रस्ता. मराठवाड्याकडून येणाऱ्यांना धाराशिव स्थानक जवळ पडते.

गाणगापूर. गाणगापूर रोड स्थानक दत्तमंदिरापासून वीसेक किलोमीटरवर आहे. पौर्णिमेला आणि गुरुवारी तिथे जीप भरभरून सुटतात, एरवी थांबावे लागते. अक्कलकोट आणि गाणगापूर एकाच फेरीत करायचे असेल तर आधी अक्कलकोट, तिथून बसने गाणगापूर आणि परतीला गाणगापूर रोडवरून गाडी असा क्रम लावा. उलट केल्यास दिवसाच्या शेवटी अक्कलकोट रोडच्या ११ किलोमीटरचा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

विजयपूर. इथे रेल्वेच चांगली. विजयपूरचे स्थानक गावालाच आहे आणि गोलघुमट तिथून जवळ आहे. फाट्यावर गाड्या कमी आहेत, म्हणून जायच्या गाडीपेक्षा परतीची गाडी आधी ठरवा. ती चुकली तर रस्त्याने बसने परत येता येते, अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे.

बार्शी. सोलापूरहून थेट एसटी. पुण्याहून येत असाल तर कुर्डुवाडीला उतरा.

करमाळा. स्थानक जेऊर. तिथून करमाळा वीसेक किलोमीटर. सोलापूर-पुणे मार्गावरच्या निवडक गाड्याच जेऊरला थांबतात, त्यामुळे गाडीचा थांबा पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका.

मोहोळ आणि माढा. पॅसेंजर आणि मोजक्या एक्सप्रेस थांबतात. मोहोळ सोलापूरपासून ३३ किलोमीटरच्या आत आहे. स्थानकात जाऊन गाडीची वाट पाहण्यापेक्षा एसटीने माणूस आधी पोहोचतो. रोज ये-जा करणाऱ्याला मात्र रेल्वेचा पास खूपच स्वस्त पडतो.

रेल्वे की एसटी: भाड्याचा हिशेब

नुसते तिकिटाचे दर बघितले तर रेल्वे स्वस्त दिसते. कुटुंबासह जाताना हिशेब बदलतो. एसटीत महिलांना निम्मे भाडे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे आणि ७५ च्या पुढे मोफत प्रवास आहे. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. त्यामुळे आजी-आजोबा आणि दोन बायकांसह तुळजापूर-पंढरपूर करायचे असेल तर एसटी सोपी आणि स्वस्त, दोन्ही ठरते. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे, हे कलबुर्गी-विजयपूरकडे जाताना लक्षात ठेवा. सवलतीसाठी आधार कार्ड मूळ किंवा मोबाइलमधल्या सरकारी ॲपवर हाताशी असू द्या.

स्थानकाचा दिवस कसा चालतो

सोलापूर स्थानकाला दिवसात दोन मोठ्या भरत्या येतात. दोन्ही सोलापूरच्या स्वतःच्या गाड्यांमुळे.

सकाळी सहा ते सात. मुंबईची वंदे भारत (२२२२६) सहानंतर लगेच सुटते. पाठोपाठ साडेसहाच्या सुमारास पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस (१२१५८). आणि त्याच सुमारास मुंबईहून सिद्धेश्वर (१२११५) येते. एका तासात दोन गाड्यांचे लोक आत येत असतात आणि एका गाडीचे बाहेर पडत असतात.

रात्री दहा ते अकरा. पुण्याहून हुतात्मा (१२१५७) दहाच्या आसपास येते, त्यानंतर मुंबईची वंदे भारत (२२२२५), आणि त्याच वेळेला सिद्धेश्वर (१२११६) मुंबईला निघते.

या दोन्ही वेळांना स्थानकासमोरच्या रस्त्यावर रिक्षा, सोडायला आलेल्या दुचाक्या आणि चारचाक्या यांची दाटी होते. घरून निघताना नेहमीपेक्षा वीस मिनिटे आधी निघा. भैय्या चौक किंवा सात रस्त्याकडून येत असाल तर शेवटच्या पाचशे मीटरलाच सगळा वेळ जातो. सोडायला आलेल्याने गाडी आत घालू नये, बाहेर उतरवून पुढे जावे.

दुपारची हक्काची गाडी म्हणजे पुणे-सोलापूर इंटरसिटी (१२१६९/१२१७०). ती पुण्याहून सकाळी निघून दुपारी सोलापूरला येते आणि दुपारीच परत फिरते. सकाळची हुतात्मा चुकलेल्यांना आणि पुण्यात संध्याकाळी पोहोचायचे असणाऱ्यांना ती उपयोगी. उद्यान, कोणार्क, कर्नाटक एक्सप्रेस अशा लांब पल्ल्याच्या गाड्या सोलापूरवरून जातात, पण त्या दुरून येत असल्याने वेळेच्या बाबतीत बेभरवशाच्या. ठरलेल्या वेळी पोहोचणे गरजेचे असेल, परीक्षा, मुलाखत, दवाखान्याची वेळ असेल, तर सोलापूरहूनच सुटणारी गाडी घ्या. ती वेळेवर सुटते, कारण तिला मागचा उशीर नसतो.

वंदे भारत आठवड्यातून एक दिवस बंद असते: सोलापूरहून गुरुवारी, मुंबईहून बुधवारी. वेळापत्रक अधूनमधून बदलते, म्हणून प्रवासाच्या आदल्या दिवशी एनटीईएसवर (गाड्यांची स्थिती दाखवणाऱ्या रेल्वेच्या अधिकृत सेवेवर) किंवा १३९ क्रमांकावर खात्री करून घ्या. गाडी धावते कुठे हे दाखवणारी खासगी ॲप सोयीची आहेत, पण फलाट क्रमांकासाठी त्यांच्यावर विसंबू नका. सोलापूरला पाच फलाट आहेत आणि ऐनवेळी फलाट बदलण्याची घोषणा झाली तर पुलावरून सामान घेऊन धावावे लागते. पुलाच्या पायथ्याशी थांबलेला माणूस अशा वेळी दोन्हीकडे जाऊ शकतो.

साधे तिकीट काढताना

अनारक्षित तिकिटात तीन प्रकार आहेत आणि दंड बहुतेक वेळा प्रकार चुकल्यामुळे होतो. पॅसेंजर किंवा मेमूसाठी ऑर्डिनरी. मेल-एक्सप्रेससाठी त्याहून महाग तिकीट. सुपरफास्टसाठी त्यावर आणखी अधिभार, दुसऱ्या वर्गाला १५ रुपये. गाडीचा क्रमांक १२, २० किंवा २२ ने सुरू होत असेल तर ती सुपरफास्ट. म्हणजे हुतात्मा, सिद्धेश्वर, इंटरसिटी आणि कोल्हापूर-कलबुर्गी या सगळ्याच. खिडकीवर नुसते 'कुर्डुवाडी एक' म्हणू नका, गाडीचे नाव सांगा. ऑर्डिनरी तिकीट घेऊन हुतात्मामध्ये चढलात तर भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये दंड भरावा लागतो. वंदे भारत आणि शताब्दीला साधे तिकीट चालतच नाही.

वेळेची मर्यादा अंतरावर अवलंबून आहे. १९९ किलोमीटरपर्यंतचे तिकीट काढल्यापासून तीन तासांत, किंवा त्या ठिकाणी जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यांतले जे नंतर असेल तोवर प्रवास सुरू करावा लागतो. सोलापूर-कुर्डुवाडी, सोलापूर-कलबुर्गी यात येतात. सकाळी काढून ठेवलेले कुर्डुवाडीचे तिकीट संध्याकाळी चालणार नाही. २०० किलोमीटरच्या पुढचे तिकीट तीन दिवस आधी काढता येते. सोलापूर-पुणे २६४ किलोमीटर असल्याने सोमवारी पहाटेच्या हुतात्माचे साधे तिकीट शनिवारी निवांत घेऊन ठेवता येते आणि पहाटेची रांग टळते. ही सोय फार कमी लोक वापरतात.

मोबाइलवर रेलवन ॲपमधून तिकीट निघते. तीन गोष्टी सांभाळा. फलाटावर उभे राहून किंवा गाडीत बसून नेहमीच्या पद्धतीने तिकीट निघत नाही, स्थानकात असाल तर तिथे लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागतो. तिकीट ॲपमध्येच दाखवावे लागते, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि फोन बंद पडला तर तिकीट नसल्यासारखेच आहे. उन्हाळ्यात जनरलच्या डब्यात चार तास बसायचे असेल तर फोन भरलेला असू द्या, नाहीतर खिडकीवरून कागदी तिकीट घ्या.

फाट्यावर जायचे असेल तर शेवटच्या ठिकाणापर्यंत एकच तिकीट काढा. सोलापूर ते पंढरपूर असे सलग तिकीट सोलापूर-कुर्डुवाडी आणि कुर्डुवाडी-पंढरपूर अशा दोन तिकिटांपेक्षा सहसा स्वस्त पडते, कारण अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो. शिवाय कुर्डुवाडीला उतरून पुन्हा खिडकी गाठावी लागत नाही. जोडगाडीला दहाच मिनिटे असतील तेव्हा याची किंमत कळते.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी महिन्याचा किंवा तीन महिन्यांचा पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो. सोलापूर-मोहोळ, सोलापूर-कुर्डुवाडी, सोलापूर-कलबुर्गी चालेल, सोलापूर-पुणे नाही. साधा पास सुपरफास्टला चालत नाही, त्यासाठी वेगळा अधिभार भरून पासावर तशी नोंद करून घ्यावी लागते. पास असला तरी आरक्षित डब्यात बसता येत नाही. नोकरीवर जाणाऱ्या बहुतेकांना दंड इथेच होतो.

आरक्षण: तारखेचा घोळ

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता खुले होते. ऑनलाइन काढायचे असेल तर आयआरसीटीसीचे खाते आधारशी जोडून ठेवा. तत्काळसाठी ते आता अनिवार्य आहे आणि खिडकीवरही मोबाइलवर ओटीपी येतो. वातानुकूलित वर्गाचे तत्काळ १० वाजता, बाकीचे ११ वाजता सुरू होते. म्हणजे वंदे भारतची खुर्ची १० ला, सिद्धेश्वरची स्लीपर आणि हुतात्माची दुसऱ्या वर्गाची खुर्ची ११ ला. नावे, वये आधीच भरून ठेवा.

आता खरा घोळ. सिद्धेश्वर मुंबईहून रात्री निघते आणि पुण्याला मध्यरात्रीनंतर पोहोचते. पुण्याहून १४ तारखेच्या रात्री सोलापूरला निघायचे असेल तर पुण्याच्या तिकिटावर तारीख १५ हवी. १४ तारखेचे तिकीट काढलेत तर ती गाडी तुम्ही पोहोचण्याआधीच्या रात्री गेलेली असते. सोलापूरहून मुंबईकडे जाताना दौंड-पुण्यात चढणाऱ्यालाही हाच नियम.

आणि तत्काळची तारीख गाडी मूळ स्थानकावरून निघण्याच्या दिवसावरून मोजतात. वरच्याच उदाहरणात गाडी मुंबईहून १४ ला निघते, म्हणून १५ च्या तिकिटाचे तत्काळ १३ ला उघडते. १४ ला सकाळी बसलेल्याला काहीच मिळत नाही. कोणार्क एक्सप्रेस भुवनेश्वरहून निघून दुसऱ्या दिवशी सोलापूरला येते, तिलाही असेच एक दिवस मागे मोजायचे. सोलापूरहूनच सुटणाऱ्या गाडीत सोलापूरलाच चढणाऱ्याला ही भानगड नाही.

वेटिंगचे तिकीट घेऊन स्लीपर किंवा वातानुकूलित डब्यात चढता येत नाही, खिडकीवरचे असले तरी. पहिला चार्ट, म्हणजे कोणाला जागा मिळाली त्याची यादी, आता गाडीच्या आठ-दहा तास आधी तयार होतो. सकाळच्या वंदे भारत आणि हुतात्माचा चार्ट आदल्या संध्याकाळीच लागतो. म्हणून वेटिंग असेल तर रात्री जेवणाआधी पीएनआर बघा आणि नाही झाले तर पर्याय तेव्हाच ठरवा. चार्टनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा करंट बुकिंगला खुल्या होतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी हुतात्माला त्यातून जागा मिळण्याची शक्यता बरी असते. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून आणि रविवार-सोमवारी सोलापूरहून ती आशा ठेवू नका.

मुलांच्या तिकिटातही फरक आहे. ५ ते १२ वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ नको असेल तर सिद्धेश्वरच्या स्लीपरमध्ये अर्धे तिकीट लागते. खुर्चीच्या वर्गात, म्हणजे हुतात्मा आणि वंदे भारतमध्ये, तो पर्याय नाही, पूर्ण भाडे द्यावे लागते. दोन मुले असलेल्या कुटुंबाला रात्रीची सिद्धेश्वर यामुळे स्वस्त पडते.

गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि प्रवास करायचा नसेल तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी तुमच्या स्थानकावरून प्रत्यक्ष सुटण्याआधी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरायला हवा. लोक 'बघू येते का' म्हणत थांबतात, गाडी येऊन निघून जाते आणि हक्क जातो.

रात्री सोलापूरला उतरल्यावर

हुतात्मा आणि वंदे भारतने येणाऱ्यांची खरी कसोटी इथे आहे. एसटी स्टँड स्थानकापासून दोनेक किलोमीटरवर आहे आणि रात्री साडेदहानंतर खेड्यांकडे जाणाऱ्या गाड्या जवळपास संपलेल्या असतात. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडच्या गावी जाणाऱ्याने दिवसाची इंटरसिटी घ्यावी किंवा घरून वाहन बोलावून ठेवावे. यातले काहीच जमत नसेल तर रिटायरिंग रूम पीएनआरवरून आधी आरक्षित करता येते. प्रतीक्षालयात बसणाऱ्याने तिकीट जपून ठेवावे, तपासणी होते.

रिक्षाचे भाडे बसण्याआधी ठरवा. आसरा, विजापूर रोड, जुळे सोलापूर या बाजूला जाणारे दोघे-तिघे एकाच गाडीतून उतरतात, एकत्र रिक्षा केली तर सगळ्यांना परवडते.

यात्रेचे दिवस

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरसाठी मध्य रेल्वे विशेष गाड्या सोडते. त्यांची घोषणा काही दिवस आधीच होते, म्हणून नेहमीच्या गाडीचे वेटिंग पाहून लगेच बेत मोडू नका. त्या दिवसांत पंढरपुरात एसटीची स्थानके शहराबाहेर तात्पुरती उभी राहतात. परतीची बस कुठून सुटणार हे उतरतानाच विचारा.

संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वेळी शहरातले रस्ते वळवतात, त्यामुळे स्थानकावर पोहोचायला दुप्पट वेळ धरा. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला हजारो भाविक चालत जातात आणि तो रस्ता वाहनांसाठी बंद ठेवून एसटी दुसऱ्या मार्गाने वळवतात. त्या दोन दिवसांत तुळजापूरला गाडीने जायचा बेत करू नका.

चादरी, भाकरी आणि दुचाकी

सोलापुरी चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे घेऊन जाणाऱ्यांनी वजनाची मर्यादा पाहावी. जनरलला ३५ किलो, स्लीपर आणि थ्री एसीला ४०, टू एसीला ५० किलो मोफत. त्यापुढचे सामान गाडीच्या किमान अर्धा तास आधी पार्सल कार्यालयात तिकीट दाखवून नोंदवा. न नोंदवता पकडले गेले तर सामानाच्या दराच्या सहापट आकारणी होते. व्यापारासाठी माल असेल तर तो सामान म्हणून नव्हे, पार्सल म्हणूनच पाठवा.

प्रवासात खायला शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घ्या. मे महिन्यातही ती खराब होत नाही आणि फलाटावर धावावे लागत नाही. पाणी मात्र माणशी दोन लिटर तरी हवे, एप्रिल-मेमध्ये दुपारची गाडी असेल तर जास्त.

पुण्याला शिकायला जाणारी मुले दुचाकी रेल्वेने पाठवतात. तिचा क्रम असा:

१. आरसी, विमा आणि आधार यांच्या प्रती काढा. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे संमतीपत्र सोबत ठेवा.

२. टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोल शिल्लक असेल तर पार्सल कार्यालय गाडी घेत नाही. टाकी तिथे पोहोचल्यावर रिकामी करण्यापेक्षा आधीच मोकळ्या जागेत इंजिन चालू ठेवून उरलेले पेट्रोल संपवा.

३. आरसे काढून घ्या. हेडलाइट, टाकी आणि हँडल पोत्याने घट्ट बांधून घ्या. बांधणी ढिली असेल तर चढ-उतारात सर्वांत आधी इंडिकेटर तुटतात.

४. पुठ्ठ्यावर पाठवण्याचे आणि उतरण्याचे स्थानक मोठ्या अक्षरात लिहून दोन ठिकाणी बांधा. पावती क्रमांक मिळाल्यावर तोही त्यावर घाला.

५. गाडीच्या आदल्या दिवशीच नोंदणी करा. तुम्ही ज्या गाडीने जाता त्याच गाडीने दुचाकी जाईल याची खात्री नसते, कारण पार्सलच्या डब्यात जागा असेल त्यावर ते ठरते.

६. मूळ पावती स्वतःजवळ ठेवा. पुण्याला ती आणि ओळखपत्र दाखवूनच दुचाकी मिळते. पोहोचल्याची खात्री झाली की लगेच सोडवून घ्या, ठरलेल्या मोफत वेळेनंतर तासाप्रमाणे साठवण शुल्क लागते. स्थानकाजवळच्या पंपापर्यंत जाण्यापुरते पेट्रोल पुण्यातच मिळवायची सोय आधी करून ठेवा, नाहीतर गाडी ढकलत न्यावी लागते.